लघवीची धार आणि कंबरेचं दुखणं

साठी ओलांडलेला पुरुष लघवीच्या तक्रारीबद्दल बायकोशी बोलत नाही, मुलाशी तर नाहीच. बहुतेक वेळा तो मेडिकलवाल्याशी बोलतो. सोलापुरात स्टेशनकडून सात रस्त्याला आलं की आसपास दवाखाने, लॅब आणि औषधांची दुकानं आहेत. अशा दुकानात जुनी, घडीवर फाटत आलेली चिठ्ठी पुढे करणारे आप्पा, अण्णा, मामा संध्याकाळच्या गर्दीत हमखास भेटतात. ‘हीच गोळी दे, महिन्याची.’ गोळी असते टॅमसुलोसिनची, नाहीतर टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली. तिने धार सुधारलेली असते, रात्रीची झोपही बरी लागत असते. पण चिठ्ठी दोन-तीन वर्षांपूर्वीची असते आणि ती लिहिणाऱ्या डॉक्टरांशी त्यानंतर भेट झालेली नसते.

प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल सांगायचं तर सुरुवात या चिठ्ठीपासूनच करायला हवी. गोळी चुकीची नसते. चुकतं ते हे की आराम पडला म्हणजे तपासणी झाली असं समजलं जातं.

प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते, तरुण वयात वजन साधारण २० ग्रॅम. वीर्यातला काही द्रव तिथे तयार होतो. लघवीची नळी या ग्रंथीच्या मधून जाते, आणि बाकीची सगळी कथा या रचनेतून निघते. वयानुसार ग्रंथी वाढते ती मुख्यतः आतल्या, नळीला लागून असलेल्या भागात. ही साधी वाढ असते, कॅन्सर नसतो. साठीतल्या साधारण निम्म्या पुरुषांत ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, ऐंशीनंतर बहुतेकांत. नळीला चिकटूनच वाढत असल्याने ती लवकर त्रास देते: धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते, शेवटी थेंब थेंब येते, उठल्यावर पुन्हा गेल्यासारखं वाटतं, रात्री तीन-चारदा उठावं लागतं.

कॅन्सर मात्र दहापैकी सुमारे सात वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो. अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञ जॉन मॅकनील यांनी ग्रंथीचे हे वेगवेगळे भाग नीट दाखवून दिले, तेव्हा एक जुनं कोडं सुटलं. बाहेरच्या कडेला वाढणारी गाठ नळीला बराच काळ धक्काच लावत नाही. लघवी स्वच्छ, धार चांगली, झोप शांत, आणि आत गाठ वाढत असते.

म्हणून धोक्याच्या खुणा कोणत्या, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दोन टोकांचं आहे. लघवीच्या ज्या तक्रारींना लोक घाबरतात, त्या बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. आणि कॅन्सर जेव्हा पूर्ण बरा होण्याजोगा असतो, तेव्हा तो बहुधा कसलीच तक्रार करत नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवणं अवघड जातं. कुणी पहिलं धरून निर्धास्त होतो, कुणी दुसरं धरून उगाच धास्तावतो.

मग लघवीच्या तक्रारीला काय किंमत द्यायची? माझ्या मते पुष्कळ. ती कॅन्सरची खूण नसली, तरी त्या निमित्ताने माणूस डॉक्टरांसमोर येऊन बसतो. ‘आप्पा, रात्री किती वेळा उठता?’ असं कुणीतरी विचारतं. डॉक्टरांकडे या त्रासाची मोजपट्टी असते: सात प्रश्न आणि ० ते ३५ गुण, सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. हे गुण त्रास मोजतात, कॅन्सरची शक्यता मोजत नाहीत. रात्री उठण्यामागे मधुमेह असू शकतो, पाय सुजवणारा हृदयाचा आजार असू शकतो, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, किंवा झोपताना तांब्याभर पाणी पिण्याची सवय असेल. चांगला डॉक्टर हे सगळं विचारतो, आणि मग त्या एकाच भेटीत दोन साध्या तपासण्या उरकता येतात: बोटाने ग्रंथीची तपासणी आणि रक्तातलं पीएसए. गोळी सुरू करण्याआधी या दोन्ही व्हाव्यात, हा या प्रकरणातला सर्वात कामाचा मुद्दा आहे.

बोटाच्या तपासणीला आपल्याकडे माणसं फार लाजतात. हातमोजा घालून, जेली लावून, गुदद्वारातून बोट आत नेलं की पुढच्या भिंतीतून प्रोस्टेटची मागची बाजू हाताला लागते. म्हणजे कॅन्सर जिथे जास्त उगवतो नेमका तोच भाग. एक मिनिटही लागत नाही, अवघडल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. साधी वाढलेली ग्रंथी नाकाच्या शेंड्यासारखी लवचीक लागते. कॅन्सरची गाठ मुठीच्या हाडासारखी टणक, खडबडीत, एका बाजूला जास्त. या तपासणीने सगळे कॅन्सर सापडत नाहीत, सुरुवातीचे तर पुष्कळ निसटतात. पण ज्या तालुक्याच्या गावात एमआरआय नाही, तिथेही डॉक्टरांचं बोट आहे. ‘नको, राहू द्या’ म्हणून ही तपासणी टाळणाऱ्या रुग्णाला, आणि रुग्ण लाजतो म्हणून ती न करणाऱ्या डॉक्टरलाही, माझी कळकळीची विनंती आहे: टाळू नका.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात ते प्रथिन. १९७९ मध्ये अमेरिकेत बफेलो इथल्या रॉसवेल पार्क कॅन्सर संस्थेत ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. तिथल्या सरकारने १९८६ मध्ये ते आधी निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवायला मान्य केलं आणि १९९४ मध्ये निदानाच्या मदतीला. क्रम ध्यानात घ्यावा: ही तपासणी मुळात कॅन्सर शोधण्यासाठी नव्हतीच. पीएसए प्रोस्टेटचं असतं, कॅन्सरचं नसतं. साध्या वाढीने ते चढतं, लघवीच्या जंतुसंसर्गाने खूप चढतं, लघवी तुंबून नळी घातली तर चढतं, आदल्या दोन दिवसांत संभोग झाला असेल तरी थोडं चढतं. त्यामुळे ताप आणि जळजळ असताना काढलेल्या रिपोर्टवरून कुणी कॅन्सरचा शब्द उच्चारला, तर आधी संसर्ग बरा करून साधारण सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा द्यावं.

लॅबच्या कागदावर ४ नॅनोग्रॅमची रेघ असते. रेघेच्या वर गेलेल्या सगळ्यांना कॅन्सर नसतो आणि खाली असलेले सगळे सुरक्षित नसतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याखाली असलेल्या आणि बोटाच्या तपासणीत काहीच न सापडलेल्या पुरुषांची बायोप्सी केली, तेव्हा दर शंभरात १५ जणांत कॅन्सर निघाला. २००४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यातले बरेच सौम्य होते. तरी एका आकड्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, हे त्यातून कळतं.

आता सात रस्त्यावरच्या त्या चिठ्ठीकडे येऊ. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड ही गोळी सहा महिने ते वर्षभर घेतली की रक्तातलं पीएसए जवळपास निम्मं होतं. म्हणजे दोन वर्षं ही गोळी खाणाऱ्या अण्णांचा रिपोर्ट ३ आला, तर तो साधारण ६ समजायचा. लॅबला गोळीची माहिती नसते, ती कागदावर ‘नॉर्मल’ छापते. घरचे कागद बघून सुटकेचा श्वास टाकतात. नुसत्या टॅमसुलोसिनने असं होत नाही. त्यामुळे पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचणं आणि रक्त तपासायला सांगणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर ते घालणं फार गरजेचं आहे. ही गोळी चालू असताना पीएसए उतरण्याऐवजी चढू लागलं, तर तो आकडा कितीही लहान असो, युरॉलॉजिस्टला दाखवलाच पाहिजे.

सोलापूर जिल्ह्याला कॅन्सरच्या खुणा ओळखण्याचा इतिहास आहे, आणि तो सोलापूर शहरात नव्हे, सत्तर किलोमीटरवरच्या बार्शीत घडला. मुंबईत १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली होती. पण खेड्यांत किती कॅन्सर होतात, कोणते होतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, डॉ. बी. एम. नेने आणि टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकाराने, भारतातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत होती. शहरात नोंदणी करणारा माणूस रुग्णालयात जाऊन केसपेपर बघतो. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात पोहोचतच नसेल तर केसपेपर कुठून येणार? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. माणसांशी बोलले, न भरणारी जखम, गाठ, अंगावरून जाणारं रक्त या खुणा समजावून सांगितल्या, संशय आला त्याला तपासणीला यायला राजी केलं. नुसत्या नोंदीच झाल्या नाहीत. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागले, आणि १९९५ मध्ये हे निरीक्षण आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. पुढे याच रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने, एचपीव्ही या विषाणूच्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू किती कमी होतात, ते २००९ मध्ये जगाला दाखवलं.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचं कारण आहे. समजावून सांगितलं की माणसं लवकर येतात, हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालेलं आहे. पण गर्भाशयमुख आणि तोंड या कॅन्सरची खूण डोळ्यांना दिसते, रक्त दिसतं, चट्टा दिसतो. प्रोस्टेटचं तसं नाही. बार्शीच्या नोंदीत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण पुणे, मुंबई, दिल्लीच्या मानाने बरंच कमी आहे. त्यात राहणीचा आणि खाण्यापिण्याचा भाग असेल, तसा तपासणीचाही असणार. जिथे पीएसए काढलं जात नाही, तिथे शांतपणे वाढणारा कॅन्सर नोंदीत येत नाही. तो येतो हाडात उतरल्यावर.

आणि तिथेच सर्वात जास्त चुकणारी खूण आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरतो तेव्हा त्याची आवडती जागा म्हणजे हाडं: कंबरेचे मणके, खुबा, मांडीचं वरचं हाड, बरगड्या. ओटीपोटातल्या आणि मणक्याभोवतीच्या शिरा झडपा नसलेल्या जाळ्याने एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवलं. कॅन्सरच्या पेशींना त्या वाटेने मणक्याकडे सरकता येतं. मग सत्तरीतले आबा कंबर दुखते म्हणून सांगू लागतात. आयुष्यभर शेतात वाकलेला किंवा गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस. कंबर दुखली यात कुणाला नवल वाटत नाही. ‘वय झालं की असंच असतंय.’ एक्स-रे निघतो, ‘मणक्यात गॅप आलाय’ किंवा ‘नस दबलीय’ असं सांगितलं जातं, पट्टा मिळतो, वेदनाशामक गोळ्या मिळतात, मालिशवाला येतो. सहा महिने जातात.

झिजेचं दुखणं आणि हे दुखणं यांत काही फरक असतो, तो घरच्यांनी ध्यानात ठेवावा. झिजेचं दुखणं काम केल्यावर वाढतं, पडून राहिलं की उतरतं, आणि वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहतं. हाडात उतरलेल्या कॅन्सरचं दुखणं नवीन असतं, आठवड्या-आठवड्याने वाढत जातं आणि रात्री पडल्यावरही सोडत नाही. सोबत भूक मंदावते, वजन उतरतं, रक्त कमी होतं. पन्नाशीपुढच्या पुरुषाची अशी कंबरदुखी चार-सहा आठवड्यांत उतरली नाही, तर पट्टा बदलण्याआधी पीएसए काढावं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही असाच दुखतो, तोही शोधावा लागतो. दोन्ही शक्यता तपासणारा डॉक्टर योग्य वाटेवर आहे.

यातला एक प्रसंग मात्र थांबू देत नाही. कंबरदुखी असलेल्या माणसाच्या पायांतली शक्ती अचानक कमी झाली, चालताना पाय लटपटू लागले, जांघेत आणि बसण्याच्या जागेवर बधिरता आली, लघवी तुंबली किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असतो. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. त्याच दिवशी मणक्याचा एमआरआय, स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. चालत आलेला माणूस बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण गेल्यावर आलेला पुन्हा उभा राहीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. यात फरक तासांचा पडतो.

लघवीत रक्त दिसणं हीसुद्धा अंगावर काढायची गोष्ट नाही. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, पाणी कमी पडतं, मुतखडे होतात. त्यामुळे लालसर लघवी दिसली की ‘खडा असेल’ म्हणून माणूस गप्प बसतो. खडा असेलही. पण न दुखता, एकदाच जरी रक्त आलं आणि आपोआप थांबलं, तरी तपासणी हवीच. विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत, कारण धूम्रपान हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे. वीर्यात रक्त दिसणं तरुणपणी बहुधा निरुपद्रवी असतं. चाळिशीनंतर वारंवार दिसलं तर दाखवावं. अचानक लघवी पूर्ण तुंबणं बहुतेकदा साध्या वाढीनेच होतं, आणि त्याला निमित्त होतं लहानसं: सर्दीची गोळी, बद्धकोष्ठता, दारू, लांबचा एसटीचा प्रवास, नाहीतर आषाढीला पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास दाबून धरलेली लघवी. नळी घालून आराम मिळतो. त्याच दिवशी काढलेलं पीएसए मात्र फसवं असतं.

मग धडधाकट माणसाने पीएसए करावं का? याबाबत तज्ज्ञांत खरा मतभेद आहे आणि तो लपवू नये. युरोपातल्या आठ देशांत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तपासणीला बोलावलेल्यांत प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. ४५६ पुरुषांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. फायदा आहे, पण फार मोठा नाही. उलट बाजूला, ज्यांचा कॅन्सर कधीच त्रास देणार नव्हता अशांवर शस्त्रक्रिया होऊन लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाण्याची जोखीम आहे. म्हणून नेत्यांच्या वाढदिवसाच्या शिबिरात ऐंशी वर्षांच्या, काहीही तक्रार नसलेल्या आजोबांचं पीएसए काढून घरभर घबराट पसरवणं मला पटत नाही. पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यानच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून, निष्कर्ष काहीही आला तर पुढे काय करायचं हे समजून घेऊन तपासणी करावी. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर धोका साधारण दुप्पट असतो, त्याने पंचेचाळिशीतच हा विषय काढावा. आई किंवा बहिणीला कमी वयात स्तनाचा किंवा बीजाशयाचा कॅन्सर झाला असेल तरीही. बीआरसीए-२ या जनुकातला दोष बायकांच्या या कॅन्सरकडे आणि पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरकडेही नेऊ शकतो, ही गोष्ट फारच थोड्या कुटुंबांना माहीत असते.

निदान झालं म्हणजे संपलं, ही समजूत माणसांना तपासणीपासून दूर ठेवते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ग्रंथीपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांपैकी काहींवर शस्त्रक्रिया, काहींवर रेडिएशन, आणि काहींवर नुसतं बारकाईने लक्ष ठेवलं गेलं. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये पाहिलं तर तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने गेलेले ३ टक्क्यांहून कमी होते. पसरलेल्या आजारातही हात टेकायची गरज नसते. हा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. संप्रेरक तोडणारी इंजेक्शनं महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यावी लागतात, महाग असतात. अंडकोष काढण्याची छोटी शस्त्रक्रिया एकदाच करावी लागते, परिणाम तोच, आणि पुष्कळांची हाडांची वेदना काही दिवसांत उतरते. पुरुषाला हा निर्णय जड जातो, हे समजण्यासारखं आहे. त्याच्यासमोर दोन्ही पर्याय, खर्चासकट, शांतपणे मांडले पाहिजेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या बऱ्याच उपचारांची सोय आहे. योजनेतल्या रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटावं.

दवाखान्यात जाताना पिशवीत काय न्यायचं, तेही सांगतो. पीएसएचे सगळे जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत, ‘नॉर्मल’ लिहिलेलेही. १.१, मग १.९, मग ३.२ असे तीन वर्षांतले आकडे प्रत्येकी रेघेच्या आत असले, तरी एकाखाली एक ठेवल्यावर डॉक्टर वेगळा विचार करतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं न्यावीत, कारण नाव तोंडपाठ नसतं आणि चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही. सोबत बायको किंवा सून असली तर बरं: रात्री किती वेळा उठतात, कंबर कधीपासून दुखते, सदरा कधीपासून सैल झाला, हे तिला त्यांच्यापेक्षा नेमकं ठाऊक असतं. आणि बोटाने तपासणी न करताच गोळी लिहून दिली जात असेल, तर ‘साहेब, ती तपासणी करायची राहिली’ असं तिनेच म्हणावं.